प्रॉम्प्टर, डाळिंबी टॉवेल आणि परदेशी वाक्प्रचार

जुळे सोलापूर या उपनगरातील समस्त रहिवासी, अक्कलकोट रोडवरील कारखान्यांचे मालक व मुकादम, तसेच जिल्ह्यातील तमाम हौशी नटमंडळी यांना जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, इंग्रजी भाषेतील वाक्प्रचार हे पाळीव नसून ते कोणत्याही क्षणी माणसाच्या अंगावर येऊ शकतात. ज्यांच्या घरी असे वाक्प्रचार असतील त्यांनी ते लहान मुले आणि घाबरट पुरुष यांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. सदर निवेदन करणारा इसम त्यातून थोडक्यात बचावला आहे. नागरिकांनी नोंद घ्यावी.

तो इसम मी. टॉवेलच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि परदेशी जाणाऱ्या मालाचं टेबल माझ्याकडे असतं. टेबल म्हणजे मेल लिहायच्या, सॅम्पल पाठवायचे, कुरिअरवाल्याशी भांडायचं. मेलमधलं माझं इंग्रजी एकदम टापटीप. 'प्लीज फाइंड अटॅच्ड' या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं संसार केला. तोंडानं बोलायचं काम आमचा मॅनेजर करायचा, आणि तो बोलायचा इतकं छान, की एक दिवस बोलता बोलता पुण्याची नोकरी घेऊन निघून गेला.

तो गेला आणि नेमकं त्याच वेळी आमचं डाळिंबी प्रकरण उद्भवलं. लांबच्या एका थंड देशातली एक बाई आमच्याकडून लहान लहान हॉटेलांसाठी टॉवेल घ्यायची. आमची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक तीच. तिला पाठवलेल्या डाळिंबी टॉवेलांनी पहिल्याच धुण्यात रंग सोडला आणि तिकडच्या पांढऱ्याशुभ्र चादरी गुलाबी करून टाकल्या. बाईनं लांबलचक शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिची मेल होती दोन ओळींची. नवा लॉट रंगवून झाला की त्या टेबलावरच्या माणसाशी मला स्क्रीनवर समोरासमोर बोलायचं आहे. ऑर्डर द्यायची की नाही ते त्यानंतर ठरवेन.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मेलबिल नको म्हणती ती. तोंडानं बोलायचंय तिला."

"मालक, माझं इंग्रजी लिहायचं आहे. बोलायचं नाही."

"नाटकात तर तास-तासभर बोलता की ओ. तितं बरं तोंड चालतंय!"

"ते पाठ असतं, मालक."

"मग हे पाठ करा. ही बाई गेली तर ते एक्सपोर्टचं टेबल ठिवून मी काय त्याच्यावर जेवायला बसू? टेबल बंद. नातेपुत्याला आपलं दुकान निघतंय, तुमी तितं गल्ल्यावर बसा."

नातेपुते. आता त्या गावाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. बाजारपेठेचं गाव आहे, माणसं कष्टाळू आहेत. पण माझी सासुरवाडी आहे वेळापूरची, आणि वेळापूरहून नातेपुते म्हणजे माझ्या मेहुण्यांना चहा प्यायला जाण्याइतकं जवळ. मेहुणे तीन आहेत. प्रत्येकाकडे एक ट्रॅक्टर आणि माझ्याबद्दल एक मत आहे, आणि तिन्ही मतं सारखीच आहेत. नाटकाला ते 'तोंडाला रंग फासणं' म्हणतात. ते रोज दुकानात येऊन समोरच्या बाकावर बसणार, "काय दाजी, कसं काय?" म्हणणार, आणि इकडे सोलापुरात आमच्या नाटक मंडळीच्या तालमी माझ्याशिवाय सुरू होणार. नवा लॉट रंगवून व्हायला महिना होता.

दुसऱ्याच दिवशी जुळे सोलापुरात एका मेडिकलच्या वर चालणाऱ्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला नाव घातलं. वर्गात परदेशी निघालेल्या नर्स होत्या, लेकीकडे निघालेले एक निवृत्त तलाठी होते आणि मी होतो, जो नातेपुत्याला न जाण्यासाठी शिकत होता. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या भाचीपेक्षाही लहान. रोज फळ्यावर वाक्प्रचार लिहायच्या आणि अर्थ सांगायच्या. तुम्हाला खरं सांगतो, भीतीनं अर्धमेला झालेला असतानाही मी त्या वाक्प्रचारांवर लट्टू झालो. 'पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपं काम. 'फिट अ‍ॅज अ फिडल' म्हणजे तब्येत एकदम ठणठणीत. 'बेंड ओव्हर बॅकवर्ड्स' म्हणजे दुसऱ्यासाठी जमेल तेवढा आटापिटा करून मदत करणं. 'बाइट द बुलेट' म्हणजे टळत नाही म्हटल्यावर दात आवळून सोसून टाकणं. आणि माझा लाडका, 'व्हेन पिग्स फ्लाय'. डुकरं उडायला लागतील तेव्हा, म्हणजे कधीच नाही. केवढा नाट्यपूर्ण नकार! आपण नुसतं 'छे' म्हणतो.

एके दिवशी फळ्यावर घाबरण्याचे वाक्प्रचार आले. म्हटलं, हा आपला विषय. घाबरलं की त्यांच्या पोटात फुलपाखरं उडतात, 'बटरफ्लाइज इन द स्टमक'. तलाठी म्हणाले, "आमच्या काळात जंत व्हायचे." मग आलं 'कोल्ड फीट'. मी हात वर केला.

"मॅडम, हे तर आपल्याकडे आहे. हातपाय गार पडणे."

"नाही सर, थोडा फरक आहे. आपले हातपाय गार पडतात ते घाबरून. कोल्ड फीट म्हणजे आधी हो म्हणून ऐन वेळी कच खाणं. पळून जावंसं वाटणं."

मला एकाच वेळी दोन्ही भाषांतलं होत होतं.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "सर, वाक्प्रचार घरून ठरवून नेऊ नका. समोरचा काय म्हणतोय ते ऐका. बसला तर घाला, नाही बसला तर साधं बोला." मी मान डोलावली. नटानं मान डोलावली की त्याला पटलं, असं समजू नये. त्याला फक्त मान डोलावता येते.

कारण माझ्या डोक्यात वेगळीच योजना शिजत होती. आमच्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टिंग करते माझी बायको. विंगेत उभी राहून ती ओळ अशी देते, की ती रंगमंचाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या नटाला ऐकू जाते आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला जात नाही. ही विद्या शिकवून येत नाही. कितीतरी नटांची अब्रू तिनं विंगेतून वाचवली आहे, पण स्वतः ती कधी उजेडात आली नाही. आम्ही कितीदा म्हटलं, एखादं छोटं काम कर. तिचं उत्तर ठरलेलं: "मला न्हाय जमायचं. माझा घसा अंधारातच चालतो."

आमच्या मंडळीत प्रॉम्प्टिंगचा कायदा कडक आहे. नट थांबला की प्रॉम्प्टरनं ओळ द्यायची, आणि कानावर ओळ आली की नटानं ती उचलायची. का, कशी, कुठली, हा विचार मेकअप पुसताना करायचा.

तेव्हा आम्ही चक्क प्रवेश लिहिला. देवनागरीत, मोठ्या अक्षरात. बाई अमुक विचारेल, मी तमुक म्हणेन. तिची वाक्यं आम्हीच लिहिली, माझीही आम्हीच लिहिली. आधी ती विचारेल, कसे आहात? मी म्हणेन, फिट अ‍ॅज अ फिडल. मग विचारेल, नव्या लॉटचं काम जड गेलं का? मी हसून म्हणेन, पीस ऑफ केक. पुढे ती आमच्याकडून जरा मदतीची अपेक्षा करेल, तेव्हा बेंड ओव्हर बॅकवर्ड्स. आणि मग परमोच्च क्षण. ती गंभीर होऊन विचारेल, टॉवेलचा रंग पुन्हा जाईल का? मी एक पॉज घेईन, आणि म्हणेन, व्हेन पिग्स फ्लाय! टाळ्या. पडदा.

तालमीत परदेशी बाईचं काम बायकोच करायची. खांद्यावर डाळिंबी टॉवेल टाकून ती खुर्चीत टेचात बसायची आणि म्हणायची, "हॅलो मिस्टर! हाऊ आर यू? बरं हाय का?" प्रवेश इतका झकास बसला होता, की राज्य स्पर्धेला न्यावा. अडचण एकच राहिली होती. समोरच्या नटीला संहिता मिळालेली नव्हती.

तो दिवस उजाडला. एप्रिल महिना. आमची संध्याकाळ, त्यांची दुपार. कारखान्यात मागांची खडखड असते म्हणून बोलणं आमच्या घरूनच ठेवलं होतं. हॉलमध्ये टीपॉयवर लॅपटॉप, मी सोफ्यावर नव्या पांढऱ्या शर्टात. शेजारी नव्या लॉटमधले डाळिंबी टॉवेल घडी घालून ठेवलेले, तिनं बघायला मागितले तर दाखवायला. लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, बायको स्टुलावर बसली. हातात प्रवेशाचे कागद. पंख्याच्या आवाजात तिची कुजबुज मला ऐकू येईना आणि कागद उडायला लागले, म्हणून पंखा बंद. कूलर तर त्याच्याही आधी बंद. एप्रिलमध्ये, सोलापुरात, दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून कधी बसला आहात? नका बसू.

"पाणी प्या," बायको म्हणाली. "मधीच उठायचं न्हाय."

"मला जमणार नाही. मालकांना सांग मला ताप आलाय."

"हे काय ते तुमचं, पाय गार झालं व्हय?" क्लासचं सगळं मी तिला रोज घरी येऊन सांगत होतो. "मी हाय की. तुमी अडला की ओळ आली म्हणून समजा." मग कागद सारखे करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि हे बघा, नातेपुतं काय वाईट गाव न्हाय."

त्या वाक्यानं माझ्या तोंडचं उरलंसुरलं पाणी पळालं. प्रॉम्प्टर फितूर तर नाही?

स्क्रीनवर आधी मालक आले. म्हणजे एक काळा चौकोन आला आणि त्यातून श्वास ऐकू यायला लागला. मग बाई आली. पन्नाशीची, बारीक चष्मा, चेहऱ्यावर रेघही हलत नाही. मी 'हॅलो मॅडम' म्हणालो. इथपर्यंत सगळं संहितेप्रमाणे.

पुढचं वाक्य आमच्या प्रवेशात नव्हतं. 'कसे आहात'बिहात काही नाही. तिनं खाली वाकून एक चादर उचलली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. पांढरी चादर, त्यावर आमच्या डाळिंबी टॉवेलाचे मोठे मोठे डाग. खून झाल्यासारखे. "लुक अ‍ॅट धिस," ती म्हणाली. हे बघा.

माझे डोळे त्या डागांवर खिळले. मी थांबलो.

नट थांबला. बायकोला स्क्रीन दिसत नव्हती, बाईचे उच्चार तिच्या पल्ल्याबाहेरचे होते. तिला दिसत होता फक्त माझा अडकलेला चेहरा. कायद्याप्रमाणे तिनं पहिली ओळ दिली, स्वच्छ आणि वेळेवर. आणि कायद्याप्रमाणे मी ती उचलली.

"आय अ‍ॅम फिट अ‍ॅज अ फिडल, मॅडम!"

बाईनं चादर खाली ठेवली. तुमची तब्येत ठणठणीत आहे हे ऐकून बरं वाटलं, असं तिला वाटलेलं दिसलं नाही. माझ्या कपाळावर घाम फुटला. हात आपोआप शेजारी गेला, वरचा टॉवेल उचलला, तोंड पुसलं.

"हॉटेलवाल्यांनी माझा फोन घेणं बंद केलंय," ती इंग्रजीत म्हणाली. "किती कठीण गेले हे दिवस मला, कल्पना आहे तुम्हाला?"

मला अर्थ कळत होता हो! शब्द न् शब्द कळत होता, हेच तर दुःख. आय अ‍ॅम सॉरी, एवढं साधं वाक्य घशापर्यंत आलं होतं. पण त्याच्या आत कानात दुसरी ओळ शिरली, आणि माझ्या तोंडानं, मला न विचारता, तालमीत बसवलेल्या त्या हसऱ्या चेहऱ्यासकट म्हटलं, "पीस ऑफ केक!"

काळ्या चौकोनातला श्वास थांबला.

मी बायकोला डोळ्यांनी खुणावलं, बास, बास. तिला वाटलं, मी घाई कर म्हणतोय. नाटकात तीच खूण असते. मी पुन्हा तोंड पुसलं, मान पुसली, कॉलरच्या आत टॉवेल घालून गळा पुसला. बनियन पाठीला चिकटलं होतं.

"खराब माल तुम्ही परत घेणार का?" बाईनं विचारलं.

"वुई विल बेंड ओव्हर बॅकवर्ड्स!" मी म्हणालो, आणि माझाच माझ्यावर विश्वास बसेना. ओळ बरोब्बर बसली होती! बाईनं चष्मा नीट केला, किंचित मान हलवली. चौकोनात श्वास पुन्हा सुरू झाला. मला एक क्षण वाटलं, वाचलो. गाडी रुळावर आली. मग आठवलं की पुढची ओळ कोणती आहे.

बाई पुढे झुकली. आवाज मऊ झाला. "मला एकच सांगा. या वेळी मी तुमच्यावर विश्वास ठेवू शकते का?"

बोल, मी स्वतःला म्हणालो. लवकर बोल. येस म्हण. मराठीत हो म्हण. थांबू नकोस, थांबलास तर ओळ येईल.

मी थांबलो. ओळ आली.

"व्हेन," मी म्हणालो, "पिग्स फ्लाय."

आणि सवयीनं, पॉजसकट.

मग काळ्या चौकोनातून, अख्ख्या युरोपला ऐकू जाईल असा, मालकांचा आवाज आला, "ओ, डुक्कर कुटनं आलं मधीच?"

मला समोर नातेपुते दिसायला लागलं. गल्ला दिसला. बाक दिसला, बाकावर तीन मेहुणे दिसले. मी टॉवेल दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला. पुसायला नाही. लपायला.

"स्टॉप," बाई म्हणाली.

मी टॉवेलच्या आत गोठलो.

"टॉवेल खाली घ्या. हळू."

मी हळू घेतला. बाईनं आपलं तोंड कॅमेऱ्याच्या इतकं जवळ आणलं, की स्क्रीनभर नुसता चष्मा. ती माझं कपाळ बघत होती, गाल बघत होती. मग म्हणाली, "कॉलर. कॉलर दाखवा." मी कॉलर ओढून दाखवली. नवा पांढरा शर्ट, घामानं निथळत होता, तरी पांढराच.

"रंग पक्का असल्याचा रिपोर्ट मागच्या वेळीही चांगलाच होता," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. मग मला विचारलं, "हा टॉवेल नव्या लॉटमधला आहे?"

एका शब्दाचं उत्तर होतं. येस. पहिलीतल्या पोराला येतं. पण तो शब्द संहितेत नव्हता. मी बायकोकडे बघितलं. तिनं कागद उलटला. मागची बाजू कोरी. दुसरा कागद उलटला. तोही कोरा. मी तिला इतक्या वर्षांत प्रथमच ओळीवाचून बघत होतो.

पुढचं काय झालं त्याची हुरहुर नको म्हणून आधीच सांगून टाकतो. बाईनं आधी थोडा माल मागवला, तो धुऊन बघितला, मग उरलेला मागवला. खराब माल आम्ही बदलून दिला. टेबल शाबूत आहे, हे त्याच टेबलावर बसून लिहितोय. नातेपुत्याच्या दुकानात दुसराच भला माणूस बसतो. बाईशी बोलायचं काम आता माझ्याकडेच आहे आणि मी एकही वाक्प्रचार वापरत नाही. बोलणं संपताना बाई मात्र दर वेळी न चुकता विचारते, "हाऊ इज युवर वाइफ?"

ते का, तर त्या संध्याकाळी बायकोनं कोरे कागद स्टुलावर ठेवले. उठली. लॅपटॉपला वळसा घालून माझ्या शेजारी, थेट कॅमेऱ्यासमोर, उजेडात येऊन उभी राहिली. माझ्या हातातला ओला टॉवेल घेतला आणि पोराला न्हाऊ घातल्यावर पुसतात तसं माझं तोंड खसाखसा पुसलं, कॉलर घासली, टॉवेल आणि कॉलर दोन्ही स्क्रीनला टेकवून दाखवली, आणि जो घसा फक्त अंधारात चालतो असं ती म्हणायची, त्या घशानं, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशी ओरडली:

"मॅडम, टॉवेल लई गुड! ओन्ली हजबंड अफ्रेड!"